चाळ, नाका आणि पुलाखालची जागा: आर्किटेक्चरच्या सामुदायिक प्रोजेक्टांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच वर्षं आर्किटेक्चर शिकले, पण त्यातली माझी निम्मी प्रोजेक्टं घरांची नव्हतीच. एक चाळीचं आवार, एक कामगार नाका, एक पुलाखालचा पट्टा आणि थिसिसला कोळीवाडा. आता ज्युनिअर, त्यांचे आईबाबा आणि जिथे जिथे टेप घेऊन फिरले तिथले रहिवासी, असे तिन्हीकडून प्रश्न येत असतात आणि ते फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवलं. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आर्किटेक्चरला बंगले, इमारती शिकवतात ना? मग हे 'कम्युनिटी प्रोजेक्ट' काय असतं?

बी.आर्क. हा पाच वर्षांचा, दहा सेमिस्टरचा अभ्यासक्रम. जवळजवळ प्रत्येक सेमला एक डिझाइन प्रोजेक्ट असतो. सुरुवातीला लहानसं काहीतरी: बसस्टॉप, वाचनालय, बालवाडी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी अख्खी वस्ती, बाजार, स्टेशनबाहेरचा चौक. यातल्या ज्या जागेचा मालक एक आणि वापरणारे शंभर, तो सामुदायिक प्रोजेक्ट. बंगल्यात गिऱ्हाईक समोर बसून सांगतं, मला तीन बेडरूम हव्यात. नाक्यावर असं सांगायला कोणी येत नाही. तिथे काय हवं आहे ते शोधणं हाच अर्धा अभ्यास.

२. आमची मुलगी रोज संध्याकाळी कुठल्याशा चाळीत जाऊन माणसं मोजत बसते. हे आर्किटेक्चर आहे का?

आहे, काकू. स्कॉटलंडहून आलेले पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचं म्हणणं होतं की शहराची आधी पाहणी करा, मग निदान, मग उपचार. आणि उपचार करताना शक्य तितकं कमी तोडा. गंमत म्हणजे शंभर वर्षांनंतरही पाहणीचे मार्क सगळ्यात कमी असतात आणि रात्री जागून केलेल्या रेंडरचे, म्हणजे संगणकावरच्या देखण्या चित्रांचे, जास्त. मुलीला डबा मात्र द्या. चाळीत चहा मिळतो, पण सहा वेळा.

३. गाइड म्हणतात "इंटरेस्टिंग साइट" आणा. म्हणजे कुठली?

जिथे तुम्ही एका लोकलने किंवा चालत पोचू शकता ती. हे मी चेष्टेत सांगत नाही. दुसऱ्या वर्षी मी साइट घेतली होती घरापासून दोन तास लांब. संपूर्ण सेममध्ये तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही दुपारी. ज्यूरीने, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांनी, विचारलं, "रात्री इथे दिवे असतात का?" मला सांगता आलं नाही.

दुसरी कसोटी अशी की तिथे काहीतरी भांडण असलं पाहिजे. पार्किंगवाले आणि मुलं, फेरीवाले आणि दुकानदार, मंडळ आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी. जिथे सगळे खूश आहेत तिथे तुमची गरज नाही, आणि जिथे कोणीच येत नाही तिथे तुम्ही बाक टाकल्याने लगेच येणार नाहीत.

आकाराचं सांगायचं तर पहिल्यांदा हजार-दीड हजार चौरस मीटरच्या वर जाऊ नका. मोठी जागा घेतली की सगळा वेळ रस्ते आखण्यात जातो, आणि माणूस बसतो कुठे हे शेवटच्या रात्री ठरतं.

४. मुंबईत रिकामी जागा मिळतच नाही. तुम्हाला कुठे मिळाल्या?

मिळाल्या नाहीत. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पहिल्या मोठ्या प्रोजेक्टला मी लालबागजवळच्या एका चाळीचं आवार घेतलं. शीटवर, म्हणजे नकाशाच्या मोठ्या कागदावर, मध्ये झाड, भोवती गोल पार, बाजूला झोपाळे. मॉडेल घेऊन चाळीत गेले. एका मावशींनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "छान आहे गं. गणपती कुठे बसवायचा?" मग दुसऱ्या म्हणाल्या, लग्नाचा मांडव? पापड वाळत कुठे घालायचे? मुलांची क्रिकेटची पीच तर मी झाडानेच अडवली होती. मी ज्याला रिकामं आवार समजत होते ते वर्षभर आरक्षित होतं, फक्त वेगवेगळ्या तारखांना.

शिवाजी पार्कचंच घ्या. नकाशात तो हिरवा चौकोन. प्रत्यक्षात पहाटे चालणारे, मग क्रिकेटच्या नेटमध्ये घाम गाळणारी पोरं, संध्याकाळी कट्ट्यावर म्हातारी मंडळी आणि जोडपी एकमेकांकडे पाठ करून. २६ जानेवारीला संचलन. दसऱ्याला मेळावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्या अनुयायांसाठी तिथेच मांडव, पाण्याचे टँकर, तात्पुरते संडास. २०१० मध्ये रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने तो शांतता क्षेत्र ठरवला, म्हणजे आवाजावरूनही भांडण आहेच. यातला एकही वापर कायमचा नाही आणि एकही काढून टाकता येत नाही. त्या मैदानाचं सगळ्यात यशस्वी बांधकाम कुठलं म्हणाल, तर भोवतीचा बुटका कट्टा. कारण तो कुठल्याच वापराच्या आड येत नाही.

म्हणून आता मी प्लॅन काढण्याआधी वेळापत्रक काढते. आडवे चोवीस तास, उभे बारा महिने, आणि तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत कोण, काय करतंय. पहाटे पाण्याची वेळ, सकाळी आठला नाक्यावर उभे राहणारे रंगारी-गवंडी, दुपारी सावलीत झोपलेला रिक्षावाला, रात्री अकरानंतरची हातगाडी. हा तक्ता भरला की डिझाइनची निम्मी उत्तरं त्यातच दिसतात. भरत नसेल तर अजून दोनदा साइटवर जा.

५. जागा कोणाची आहे हे कसं कळणार? आणि नकाशे कुठून आणायचे?

आधी सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सीटीएस नंबर शोधा. त्यावरून मालमत्ता पत्रक निघतं आणि मालक कळतो. मुंबईत मालक म्हणजे महापालिका, म्हाडा, जिल्हाधिकारी, रेल्वे, बंदर प्राधिकरण, एखादा ट्रस्ट किंवा खासगी माणूस, यातलं काहीही निघू शकतं. समोरासमोरच्या दोन फुटपाथांचे मालकही वेगळे निघू शकतात.

मग विकास आराखडा, डीपी. सध्याचा २०३४ पर्यंतचा आहे, २०१८ मध्ये मंजूर झालेला; त्याची शीटं महापालिकेच्या संकेतस्थळावर आहेत. त्यावरची चिन्हं वाचायला शिका: 'ई'ने सुरू होणारं म्हणजे सुविधा तिथे आधीच आहे, 'आर'ने सुरू होणारं म्हणजे आरक्षण आहे, अजून व्हायचं आहे. आरक्षण बागेचं आणि प्रत्यक्षात तिथे चाळीस वर्षांची वस्ती, हे चित्र सर्रास दिसेल. अशा वेळी तुमचा प्रोजेक्ट बागेचा की वस्तीचा, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात गाइडपुढे मांडा.

डीपी शीटवर आणि उपग्रहाच्या चित्रावर विसंबून मोजमापं घेऊ नका. झाडाखालचं काही दिसत नाही आणि पत्र्याखालचं तर नाहीच. टेप आणि सोबतीला एक मित्र, दुसरा उपाय नाही.

६. मोजमापं आणि फोटो घ्यायला परवानगी लागते का?

रस्त्यावर उभं राहून स्केच करायला सहसा कोणी अडवत नाही. चाळ, सोसायटी, मंडई, मंदिराचं आवार असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन आधी सेक्रेटरीला किंवा मंडळाच्या अध्यक्षांना भेटा. रेल्वेच्या हद्दीत फोटोसाठी रेल्वेची परवानगी लागते. ड्रोन उडवायला पोलिसांची लागते. विद्यार्थ्याने त्या भानगडीत न पडलेलं बरं. शेजारच्या गच्चीवरून काम होतं. लहान मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय शीटवर लावू नका. बायका पाणी भरत असतात तिथे कॅमेरा खिशातच असू द्या.

७. वस्तीत गेलो की लोक बोलतच नाहीत. "बिल्डरची माणसं" म्हणतात. काय करायचं?

त्यांचं चुकत नाही. हातात क्लिपबोर्ड घेऊन घरं मोजणारा माणूस आला की त्यापुढे काय होतं याचा त्यांना अनुभव आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीचं घर असेल तर मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचं असेल तर पैसे भरून. वरच्या मजल्यावर राहणारे साधारणपणे अपात्र. आता तुम्ही जाऊन सहज विचारता, "वर कोण राहतं? केव्हापासून?" तुमच्या दृष्टीने तो शीटचा एक कोपरा, त्यांच्या दृष्टीने घर राहणार की जाणार याचा प्रश्न. हे दोन प्रश्न विचारूच नका. पागडी किती दिली, भाडं किती, हेही नको.

त्याऐवजी कामाचं विचारा. पाणी किती वाजता येतं, कपडे कुठे वाळतात, पावसात कुठून गळतं, मुलं अभ्यास कुठे करतात. यावर माणसं तासभर बोलतात. पहिल्या दिवशी वही काढू नका. अंगणवाडीच्या ताई, इस्त्रीवाले दादा, मंडळाचे खजिनदार यांच्यापैकी एकाची ओळख झाली की पुढची दारं उघडतात. शीटवर घर क्रमांक आणि नावं लिहायची नाहीत. प्लॅनमध्ये पोटमाळे दाखवायचे असतील तर नमुन्याचं घर काढा, खऱ्या घराचा पत्ता नको.

८. बीडीडी चाळीसारखा पुनर्विकासाचा प्रोजेक्ट घेतलाय. एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) किती धरू?

आधी कलम शोधा, मग आकडा. विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये म्हाडाच्या वसाहतींना ३३(५), शहर भागातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर लागणाऱ्या जुन्या) इमारतींना ३३(७), समूह पुनर्विकासाला ३३(९), झोपडपट्टीला ३३(१०). बीडीडी चाळींना ३३(९)(ब) असं वेगळं कलम आहे. इमारत उपकरप्राप्त आहे का, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची आहे का, हे न पाहता ३३(७) लावणारे दर वर्षी दोन-तीन जण असतातच.

पण आकड्यापेक्षा मला दुसरं सांगायचंय. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. प्रत्येक तळमजला अधिक तीन, ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात घर मिळतं ५०० चौरस फुटांचं, स्वतःचा संडास आत. हे कमी लेखू नका. चाळसंस्कृतीच्या आठवणींनी गहिवरलेली शीटं मी खूप पाहिली आहेत. ती काढणाऱ्यांपैकी एकानेही मध्यरात्री पोट बिघडलं असताना कॉमन संडासाची रांग लावलेली नसते.

तरीही गॅलरीचा प्रश्न उरतोच. १६० चौरस फुटांत आठ माणसं राहू शकली, कारण खोलीचा उरलेला भाग गॅलरीत होता: अभ्यास, गप्पा, आजोबांची खाट, निवडायची भाजी. टॉवरच्या लॉबीत यातलं काहीच होत नाही, कारण तिथे उजेड नाही, वारा नाही आणि दार लावलेलं असतं. त्यामुळे प्रोजेक्टमध्ये गॅलरी जशीच्या तशी उचलून बाविसाव्या मजल्यावर नेऊ नका. तिथे होणाऱ्या कामांची यादी करा आणि प्रत्येकाला नवी जागा द्या. अभ्यासाला अभ्यासिका, वाळवणाला गच्ची, आजोबांना लिफ्टजवळ उजेडातला बाक. तीन-चार मजल्यांमागे एक उघडा सज्जा जमला तर उत्तमच. तो नियमात कसा बसवायचा यावर ज्यूरी भांडेल, भांडू दे.

९. गिरणीची जमीन घेऊ का?

घ्या, पण इतिहास नीट वाचून. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, एवढ्यावर बहुतेक शीटं थांबतात. जमिनीचं गणित त्यानंतरचं आहे. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना तीन वाटे सांगितले: मोकळ्या जागांसाठी महापालिका, घरांसाठी म्हाडा, उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि शहराचा वाटा आटला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. गिरणगावात आज मैदान शोधायला निघालात तर नकाशात या दुरुस्तीची खूण जागोजागी दिसेल.

१०. उड्डाणपुलाखाली काहीतरी करायचं आहे. उदाहरणं आहेत का?

दोन आहेत आणि दोन्ही पाहून या. माटुंग्याला तुळपुळे पुलाखाली नानालाल डी. मेहता उद्यान, २०१६ चं. पुलाखाली पुन्हा पार्किंग आणि उकिरडा होऊ नये म्हणून तिथले रहिवासी मागे लागले, त्यातून ते उभं राहिलं. चालायची वाट नर्मदेच्या वळणांवर बेतलेली आहे. दुसरं लोअर परळला सेनापती बापट मार्गाच्या पुलाखाली, 'वन ग्रीन माइल', २०२२ चं, एका डच कंपनीने मुंबईतल्या स्टुडिओबरोबर केलेलं. पहिलं साधं आहे, दुसरं देखणं. दोन्हीकडे दुपारी दीडला जा आणि रात्री दहाला जा. मग कुठे कोण बसतं ते पाहून तुमचं मत बनवा. माझं मत माटुंग्याच्या बाजूने झुकतं, कारण तिथे झाडू कोण मारतं याचं उत्तर आधी ठरलं होतं.

तांत्रिक बाजू अशी: पुलाखाली पाऊस पडत नाही, म्हणजे झाडांना पाणी तुम्हीच द्यायचं. खांबांची आणि बेअरिंगची (पूल खांबांवर ज्यांवर टेकतो त्या आधारांची) तपासणी करायला वाट मोकळी ठेवायची. दोन्हीकडून गाड्या जातात, त्यामुळे मूल चेंडूमागे धावलं तर काय, याचं उत्तर सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात, दिसलं पाहिजे. आणि पूल कोणाच्या ताब्यात आहे हे पाहा. बांधला एकाने आणि सांभाळतो दुसरा, हे इथे नेहमीचं आहे.

११. फेरीवाल्यांसाठी स्टेशनबाहेर सुंदर स्टॉल काढले. ज्यूरीने उडवून लावलं. का?

बहुतेक १५० मीटरमुळे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, धार्मिक स्थळं वगैरेंपासून १०० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं ठरवलं. दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांच्या उपजीविकेला संरक्षण देतो. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी त्यांचे असावेत असं सांगतो. हे दोन्ही एकत्र वाचा.

आता गिऱ्हाईक तर स्टेशनच्या पायऱ्यांपाशीच असतं. १५० मीटर लांबच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी घ्यायला ८:१२ ची लोकल पकडणारी बाई जात नाही. म्हणून स्टॉल हलवून भागत नाही, माणसांची वाट हलवावी लागते. पुलाचा जिना कुठे उतरतो, शेअर रिक्षा कुठे उभी राहते, यावर काम करा. जिना बाजाराच्या अंगाने उतरवला की बाजार आपोआप चालतो. आणि हो, पक्का स्टॉल काढूच नका. टोपली, पाटी, हातगाडी यांचे आकार मोजा. एका भाजीवालीला पाठीला टेकण, वर सावली आणि जवळ नळ एवढं पुरतं.

१२. कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर प्रोमनाड (फिरायला बांधलेली वाट) चालेल का?

तुम्ही जानेवारीत गेला होतात, हो ना? जूनमध्ये जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्या वर ओढलेल्या असतात, त्याच तुमच्या 'रिकाम्या' वाळूवर. बाकीचे महिने तिथे जाळी विणली जातात, बोंबील वाळतात. वास येतो म्हणून ज्यूरीतल्या पाहुण्यांनी नाक मुरडलं तरी ती जागा कारखाना आहे, चौपाटी नाही. वांद्र्याला कार्टर रोड आणि बँडस्टँडचे प्रोमनाड झाले, आणि चांगले झाले, पण तोच साचा खारदांड्याला किंवा वरळीला लावता येत नाही. सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियम (१९९१, मग २०११, मग २०१९) वेगळे वाचा. भरतीरेषा तुमच्या प्लॅनवर काढलेली नसेल तर बाकी काही कोणी बघणार नाही.

वेळापत्रकाचं कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१३. पावसाचं काय? शीटवर "परमिएबल पेव्हिंग" लिहिलंय, पुरेल का?

नाही पुरणार. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती. ती ५० पर्यंत नेण्याचं काम ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने हाती घेतलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो अपवाद सोडून द्या. साधं गणित करा: १,००० चौरस मीटरच्या आवारावर तासाला ५० मिलिमीटर म्हणजे तासाला ५०,००० लिटर पाणी. ते कुठे जाणार हे बाणाने दाखवा.

सच्छिद्र फरशीतून पाणी जमिनीत मुरतं, पण जुलैमध्ये सखल भागात जमीन आधीच भरलेली असते. त्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर समुद्राकडे जाणारं पाणी तुंबतं. म्हणून पाणी काही तास धरून ठेवणं भाग पडतं. दादर-परळजवळच्या सखल हिंदमाता भागात तुंबणारं पाणी साठवायला महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. मैदान वर, टाकी खाली. मोकळ्या जागेच्या प्रोजेक्टला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही आणि तरी ते शीटवर क्वचित दिसतं.

पावसाची दिशा नैऋत्येची. पश्चिम आणि दक्षिणेचा छज्जा आखूड ठेवलात तर बसणारा भिजणारच. उन्हाचं मात्र उलटं फसवं आहे. मुंबई १९ अंश अक्षांशावर. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि मधल्या काळात किंचित उत्तरेला असतो. फक्त दक्षिणेला सावली देणारी पर्गोला मे महिन्यात शोभेची राहते.

झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. ताम्हण, बहावा, करंज काढा. कृपा करून खजुराची रोपं नकोत.

१४. रॅम्प आणि संडास शेवटी बसवले तर चालतं का?

बसत नाहीत, म्हणून चालत नाही. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२. पाणी शिरू नये म्हणून जोतं ४५० मिलिमीटर घेतलंत तर रॅम्प ५.४ मीटर लांब झाला, वर-खाली सपाट जागा वेगळी. शेवटच्या रात्री एवढी जागा निघत नाही.

सामुदायिक शौचालयाला स्वच्छ भारतचं प्रमाण ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक शौचकूप. विद्यार्थी दोन्हीकडे सारखे काढतात. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहीम बायकांच्या मुतारीसाठी झगडत आहे, हे निदान आपल्या पिढीला ठाऊक हवं. दार कुठल्या बाजूला उघडतं, बाहेर दिवा आहे का, रांग कोणाच्या नजरेसमोर उभी राहते, सांभाळणाऱ्याची खोली कुठे, एवढं सेक्शनमध्ये दाखवलंत तर मी म्हणेन तुम्ही साइटवर गेला होतात.

१५. केस स्टडी कुठली घेऊ? सगळे बेलापूर घेतात.

घ्या, पण आजचं बेलापूर घ्या. नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी केलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीची आखणी सगळ्यांना पाठ असते: आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, असे तीन गट मिळून बारा बाय बारा मीटरच्या मोठ्या अंगणाभोवती एकवीस. पाठ नसतं ते हे की घरांच्या भिंती सामाईक नव्हत्या, म्हणून पुढे मालकांना घर वाढवता आलं, आणि त्यांनी इतकं वाढवलं की मूळची घरं आता शोधावी लागतात. अंगणं मात्र बरीच टिकली. जुन्या फोटोंची शीट आणि आजचा प्लॅन शेजारी ठेवा, हीच केस स्टडी.

१६. स्कायवॉकचा न्यूयॉर्कसारखा 'हाय लाइन' करू?

दर वर्षी कोणीतरी करतं. तिकडे बाग केली त्याखाली जुन्या मालगाडीचा उंचावरचा भक्कम मार्ग होता. इकडचा पहिला स्कायवॉक वांद्रे पूर्वेला २००८ मध्ये उभा राहिला आणि पुढे धोकादायक म्हणून बंद करावा लागला. त्यावर माती आणि झाडं चढवायची असतील तर वजनाचा हिशेब आधी.

१७. शीट मराठीत केली तर मार्क जातात का?

माझे गेले नाहीत. ज्यूरीसाठी एक संच आणि वस्तीसाठी मराठीत एक मोठी शीट असं करा. वस्तीत प्लॅन कोणी वाचत नाही. मॉडेल आणि माणसाच्या उंचीवरून काढलेलं चित्र वाचतात. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टात देवनागरी येत नाही, ट्रूटाइप फॉन्ट लावा. जुन्या फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. आमच्या एका शीटवर 'सार्वजनिक'ची अशी दशा झाली होती की मंडळाच्या पोरांनी तिचं वर्षभर स्टिकर केलं.

१८. लोकांना हवंय गेट आणि भिंत, मला वाटतं जागा खुली असावी. कोणाचं ऐकू?

भिंत का हवी ते विचारा. रात्री दारू पिणारे बसतात म्हणून? मग मागणी भिंतीची नाही, दिव्याची आणि नजरेची आहे. तिथे रात्री चालणारी चहाची टपरी कदाचित भिंतीहून जास्त काम करेल. पण शेजारच्या जातीची किंवा धर्माची मुलं येऊ नयेत म्हणून भिंत हवी असेल, तर ते मागणी म्हणून शीटवर लिहा आणि भिंत काढू नका. "लोकांनी सांगितलं" हे ज्यूरीत उत्तर होत नाही. कोणी सांगितलं? बायकांना विचारलं का? भाडेकरूंना? सभेत बोलतात ते बहुधा मालक, पुरुष आणि पन्नाशीच्या वरचे.

१९. एआयने रेंडर केलं तर?

करा. मात्र त्यात मेपलची झाडं आणि ओव्हरकोट घातलेली माणसं आली तर परळ आहे असं सांगू नका.

२०. कॉलेजच्या मुलांनी आमच्या चाळीचा सुंदर नकाशा केलाय. तो महापालिकेला देऊन काम सुरू करता येईल का?

नाही, दादा. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी झालेल्यालाच आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. विद्यार्थ्याची नोंदणी झालेली नसते. मंजुरीसाठीचे नकाशे आर्किटेक्ट किंवा परवानाधारक सर्व्हेअर देतो, आणि सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. मुलांचा नकाशा दुसऱ्या कामाला येतो. आवार कोण कसं वापरतं याची ती नोंद आहे. नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसात किंवा बिल्डरच्या माणसासमोर बोलताना ती टेबलावर ठेवता येते.

ज्युनिअरांनो, हे उत्तर पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगा. "हे कॉलेजचं आहे, बांधलं जाणार नाही." सांगायला जड जातं, पण सहा महिन्यांनी एखादी मावशी रस्त्यात भेटून "कधी सुरू होणार?" विचारते तेव्हा जास्त जड जातं.

२१. सेमच्या मध्येच साइटभोवती बांधकामाचे निळे पत्रे लागले. आता प्रोजेक्ट बदलू का?

थिसिसला माझं अर्धंमुर्धं हेच झालं. जिथे बोंबील वाळायचे त्या कोपऱ्यावर एके सकाळी पत्रे दिसले. बदलू नका. पत्रे लागल्याची तारीख शीटवर लिहा. आतलं जे तुम्ही मोजलंय ते आता दुसऱ्या कोणाला मोजता येणार नाही, तेव्हा कच्ची मोजमापं, स्केच, वेळापत्रक सगळं स्कॅन करून तारखेनिशी ठेवा. मग त्या जागेवरची कामं कुठे सरकली ते शोधा, कारण ती थांबत नाहीत. आमच्याकडचे बोंबील वाळवायचे बांबू दोन गल्ल्या सोडून शाळेच्या भिंतीलगत उभे राहिले. माझी नवी साइट तीच झाली, आणि ज्यूरीला तेरा दिवस होते. जुन्या मोजमापांची एक प्रत मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात देऊन आले. त्यांनी पोच दिली, शिक्का मारून. प्रत देताना तुम्हीही पोच घ्या.